नेढं

गोव्याला जायचं ठरलं होतं.
इराप्पाच्या नातवानं मोबाईलवर दाखवलेलं ते टोक:
काळा खडक समुद्रात घुसलेला, मधोमध आरपार भोक,
भोकातून फेस.
"तितं जाऊया की एकदा, परसू," म्हणाला.
उद्यमबागेत अठ्ठावीस वर्षं एकाच भट्टीसमोर
भुवया जाळून घेतलेले आम्ही दोघे
पहाटे जांबोटीच्या रस्त्याला लागलो, एका स्कूटरवर.

चोर्ल्यात टँकर आडवा.
काकवीचा, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, डिझेलचा.
कणकुंबीच्या अलीकडे गाड्यांची रांग,
ड्रायव्हर डांबरावर पत्ते मांडून बसलेले.
तिसऱ्या चहाला इराप्पा म्हणाला,
"समुद्र ऱ्हाऊ दे आता."

टपरीवरची द्रौपदी, सातवीतली,
किटली हातात तशीच धरून:
"नेढं बघितलासा काय? वर हाय.
आमच्या म्हशी तितंच चरत्यात.
गोव्यासारकंच. फकस्त पाणी न्हाई."

कारवीतून वाट. दोन जळवा मला, त्याला एकही नाही.
इराप्पाचा गुडघा दर वीस पावलांना बसायला मागे,
बसला की एक दगड उचलून
चष्मा कपाळावर ढकलून बघे.
"ब्लोहोल," तो म्हणे, आणि टाकून देई.
"ह्यात बी ब्लोहोल. गॅस बाहेर पडायला वाटच दिली न्हाई गड्यानं."

पोरगी पुढं, पाठ केलेलं सांगत:
लाव्हा तिकडनं वरनं आला, थरावर थर,
आणि आपल्या बेळगावपाशी येऊन थांबला.
"का थांबला?" मी विचारलं.
पुस्तकात नव्हतं.
"रस कमी पडला असंल," इराप्पा म्हणाला.
"शनिवारी पडायचा तसा."

मग डोंगराचं नाक
एकदम पश्चिमेत घुसलेलं.
खाली दरी काठोकाठ धुक्यानं भरलेली,
धुकं कड्यावर येऊन आपटत होतं, आवाज न करता,
आणि माघारी जात होतं.
नाकाच्या मुळाशी ते नेढं:
बैलगाडी जुवासकट निघून जाईल एवढं.

इराप्पानं टोपी काढली.
"कडलु," म्हणाला.
मला ऐकू आलं, कडा.
"कडा न्हवं रे. कडलु. समुद्र."
"मी तेच म्हणालो की."
इतक्या वर्षांत आमचं एवढंच भांडण व्हायचं,
आणि व्हिसल झाली की मिटायचं.

तो नेढ्याखाली उभा राहिला,
वर बघत, मान मोडेपर्यंत.
मला ठाऊक होतं तो काय शोधतोय.
ओतकामात भोक पाहिजे तर आधी कोअर बसवावा लागतो,
वाळूचा, तेल पाजून भाजलेला,
आणि रस थिजल्यावर तो फोडून काढावा लागतो.
"कोअर कुणाचा म्हणायचा ह्यो?"
वारा आरपार गेला. आमच्या शर्टात शिरला.
वरून चिमूटभर दगडाचा चुरा
त्याच्या टकलावर पडला.
"बघ," तो हसला, "फेटलिंग अजून चालूच हाय."

आम्ही गेलो तेव्हा फेटलिंगवर
धोंडू मणगुतकर होता. नंतर त्याचा मुलगा.
नंतर गेटला कुलूप.

इराप्पानं खाली वाकून एक हातात मावणारा धोंडा घेतला
आणि कमानीच्या पोटावर ठोकला,
जशी आम्ही प्रत्येक कास्टिंग ठोकायचो
गाडीत चढवण्याआधी:
टणक वाजलं तर जाऊ दे,
बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे,
पिवळा रंग मार.

एकदा ठोकला. मान कलती करून उभा राहिला,
डावा कान पुढे, कारण उजवा
ग्राइंडरनं केव्हाच नेलाय.
पुन्हा ठोकला.
द्रौपदी म्हशींना हाका मारत होती.
"कसं वाजलं रे?"

धुक्यात आवाज भिजून गेलेला.
मलाही नीट कळलं नाही.
मी हात लावून बघितलं, दगड गार होता,
आतून अगदी आतून गार,
हे कधी लाल होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता,
आम्हा दोघांखेरीज.

"जाऊ दे," मी म्हणालो.
त्यानं खिशातून खडू काढल्यासारखा हात काढला,
रिकामाच,
आणि काळ्या खडकावर बरोबरची खूण केली.